लघवीतली साखर तपासताना: पट्टी कधी बुडवावी, कशी वाचावी आणि तिच्यावर किती विसंबावं

पट्टी लघवीत बुडवली, अर्धं मिनिट थांबलं, रंग काही बदलला नाही. "चला, शुगर नाही," म्हणून पट्टी कचऱ्यात जाते आणि माणूस पुढची दोन-तीन वर्षं निर्धास्त राहतो. लघवीतल्या साखरेच्या तपासणीत सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे. पट्टीने तिचं काम चोख केलेलं असतं. तिला विचारलेला प्रश्न एवढाच असतो, की गेल्या काही तासांत लघवीत साखर उतरली का. "मला मधुमेह आहे का?" हे तिला कोणी विचारलेलंच नसतं, पण उत्तर मात्र आपण त्याचं समजून बसतो.

तरीही ही तपासणी मी टाकाऊ म्हणणार नाही. सुई टोचावी लागत नाही, यंत्र लागत नाही, निकाल जागेवर मिळतो. जिथे रक्त तपासण्याची सोय चटकन होत नाही, तिथे एखाद्याचा लपलेला मधुमेह ती उघडकीला आणते. फक्त ती कशी करायची आणि निकाल हातात आल्यावर काय करायचं, हे आधी माहीत हवं. पहिल्यांदाच पट्टी हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. स्वतःची किंवा घरातल्या कोणाची तपासणी करणारे त्यात आले, आणि तपासणी शिबिरात नव्याने काम करू लागलेलेही.

साखर लघवीत येते कशी

हे कळल्याशिवाय पुढच्या पायऱ्या नुसत्या पाठ होतील, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. रक्तात दर डेसिलिटरला (म्हणजे १०० मिलिलिटरला) १०० मिलिग्रॅमच्या आसपास ग्लुकोज असेल, तर त्या द्रवाबरोबर रोज जवळपास १८० ग्रॅम ग्लुकोज गाळलं जातं. एवढं सगळं बाहेर गेलं तर शरीराला परवडणार नाही. म्हणून मूत्रपिंडातल्या बारीक नलिका ते जवळजवळ सगळं पुन्हा शोषून रक्तात परत पाठवतात. यातलं साधारण ९० टक्के काम एसजीएलटी-२ नावाचं एकच प्रथिन करतं. हे नाव ध्यानात ठेवा, औषधांच्या संदर्भात पुन्हा लागेल.

या शोषणाला मर्यादा आहे. धरण पूर्ण भरेपर्यंत सांडव्यावरून थेंबही पडत नाही, आणि भरलं की पाणी वाहू लागतं, तसंच काहीसं. बहुतेक प्रौढांत रक्तातली साखर १८० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की नलिका कमी पडतात आणि उरलेलं ग्लुकोज लघवीत उतरतं. डॉक्टर मंडळी याला 'रीनल थ्रेशोल्ड' म्हणतात, आपण उंबरठा म्हणू.

आता दुसरा आकडा पाहा. उपाशीपोटी रक्तातली साखर १२६ किंवा त्याहून जास्त असणं हा मधुमेहाच्या निदानाचा एक निकष आहे. म्हणजे १२६ ते १८० हा भलामोठा पट्टा असा आहे, की त्यात मधुमेह असतो पण सांडव्यावरून काहीच वाहत नाही. उपाशीपोटी १४५ साखर असलेल्या माणसाची सकाळची पट्टी खुशाल कोरी येऊ शकते. मधुमेहाच्या आधीची पायरी, म्हणजे प्रीडायबेटिस, तर या चाचणीच्या हाती जवळजवळ लागतच नाही.

भरीस भर म्हणजे हा उंबरठा सगळ्यांचा सारखा नसतो. वय वाढतं तसा तो वर सरकतो, जुन्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या विकारात आणखी वर जाऊ शकतो. अशा माणसाची रक्तातली साखर २२० असूनही लघवी 'निगेटिव्ह' दिसू शकते. उलट गरोदरपणात तो खाली येतो. काहींचा जन्मतःच खाली असतो, त्यांच्या लघवीत रक्तातली साखर अगदी ठीक असतानाही ग्लुकोज सापडतं.

मधुमेह हे नावच लघवीवरून पडलेलं आहे. 'मेह' म्हणजे लघवी, मधासारखी गोड लघवी तो मधुमेह. अशा लघवीकडे मुंग्या येतात हे जुन्या वैद्यांनी टिपून ठेवलं होतं. हा गोडवा साखरेचाच आहे हे मॅथ्यू डॉब्सन या इंग्लिश वैद्याने १७७६ मध्ये लघवी आटवून, उरलेला अवशेष तपासून दाखवलं, आणि रुग्णाच्या रक्ताचा द्रवही गोड लागतो अशी नोंद केली. मुंग्यांवरून आजही कोणी कोणी निदान करू पाहतात. मुंग्यांनाही तोच उंबरठा आडवा येतो, तेव्हा "आमच्याकडे मुंग्या येत नाहीत" हा काही पुरावा नव्हे.

आधी पाहा, ही तपासणी तुमच्यासाठी आहे का

काही जणांनी पट्टीच्या वाटेला जाऊच नये.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन यांपैकी एखादं औषध चालू असेल तर लघवीत साखर येणारच, आणि तीही भरपूर. ही औषधं त्याच एसजीएलटी-२ प्रथिनाला अडवतात आणि साखर लघवीवाटे मुद्दाम बाहेर काढतात. नवख्या माणसाला चकवणारी गोष्ट अशी, की ती आता हृदय अशक्त झालेल्या आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या लोकांनाही दिली जातात. तेव्हा "मला शुगर नाही, गोळी हृदयाची आहे" असं कोणी म्हटलं तरी गोळीचं पाकीट मागून त्यावरचं नाव वाचा.

गरोदर स्त्रियांच्या लघवीत मधुमेह नसतानाही साखर येणं नेहमीचं आहे, आणि गरोदरपणातला मधुमेह असूनही ती न येणं तितकंच शक्य आहे. त्यांच्यासाठी ग्लुकोज पाजून केलेली रक्ताची चाचणीच हवी. मूत्रपिंडाचा जुना आजार असणाऱ्यांनी आणि ज्यांचं मधुमेहाचं निदान आधीच झालं आहे त्यांनीही थेट रक्ताकडे वळावं.

आणि ज्यांना लक्षणं आहेत, म्हणजे खूप तहान, सारखी लघवी, रात्री चार-चारदा उठावं लागणं, खाऊनही वजन उतरणं, त्यांनी पट्टी केली तर करावी, पण तिचा निकाल काहीही आला तरी रक्त तपासायचंच. लहान मुलांच्या बाबतीत हे दुप्पट जोर देऊन सांगतो. आधी रात्रभर कोरडं राहणारं मूल अचानक पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, सतत पाणी मागू लागलं, मलूल दिसू लागलं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर बघितली पाहिजे. टाइप-१ मधुमेह मुलांना काही दिवसांत अत्यवस्थ करू शकतो. अशा वेळी पट्टीवर गडद रंग आला तर कोणालाच शंका उरत नाही. रंग आला नाही म्हणून मात्र घरी थांबायचं नाही.

पट्टीची डबी घेताना

नुसत्या ग्लुकोजची पट्टी मिळते, ग्लुकोज आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ) अशी जोडीची मिळते, आणि दहा-दहा चौकोन असलेलीही मिळते. चाळणी तपासणीला, म्हणजे लपलेला मधुमेह शोधायला, पहिली पुरते. मला विचाराल तर जोडीची घ्यावी, कारण साखर सापडलीच तर कीटोन आहेत की नाहीत हे लगेच कळतं. दहा चौकोनांची पट्टी नवख्याने टाळावी, एकाच वेळी इतके रंग बघताना हमखास गोंधळ होतो.

ग्लुकोजच्या चौकोनात दोन एन्झाइम असतात. ग्लुकोज ऑक्सिडेज हे पहिलं एन्झाइम ग्लुकोजवर काम करतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. पेरॉक्सिडेज हे दुसरं त्या पेरॉक्साइडच्या मदतीने चौकोनातल्या रसायनाचा रंग बदलतं. अल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याच्या संशोधनातून १९५६ मध्ये अशी 'क्लिनिस्टिक्स' पट्टी बाजारात आली, आणि तत्त्व आजही तेच आहे. एन्झाइम म्हटलं की ती नाजूक आलीच. दमट हवा, ऊन, हाताचा घाम यांनी पट्टी बिघडते. डबीवरची मुदत बघा, आणि डबी उघडलीत की झाकणावर तारीख लिहा, कारण उघडल्यानंतर किती महिने वापरायची हे माहितीपत्रकात वेगळं दिलेलं असतं. आतली ओलावा शोषणारी पुडी काढून टाकू नका. डबी न्हाणीघरात ठेवू नका आणि फ्रीजमध्येही नको. एक पट्टी काढली की झाकण तिथल्या तिथे घट्ट. पट्टी उभी कापून दोन करायची काटकसर काही जण करतात, ती करू नये.

डबीबद्दल शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. २०० मिलिलिटर स्वच्छ पाण्यात १ ग्रॅम शुद्ध ग्लुकोज पावडर विरघळवून दोन तास ठेवा. हे झालं दर डेसिलिटरला साधारण ५०० मिलिग्रॅमचं द्रावण. त्यात पट्टीने ठळक रंग द्यायला हवा, आणि साध्या पाण्यात अजिबात नाही. इथे लोक स्वयंपाकघरातली साखर वापरतात आणि पट्टी बाद ठरवून मोकळे होतात. ती साखर म्हणजे सुक्रोज, तिला हे एन्झाइम ओळखतच नाही. ग्लुकोज पावडरमध्येही व्हिटॅमिन सी मिसळलेलं नाही ना, ते पाकिटावर वाचा. त्याने रंग दबतो.

नमुना: सगळं गणित वेळेचं आहे

बाकीच्या बऱ्याच तपासण्यांसाठी सकाळची पहिली लघवी मागतात, म्हणून हीसुद्धा सकाळीच करायची असा समज घट्ट बसलेला आहे. मधुमेहाची चाळणी करताना मात्र ती सगळ्यात कुचकामी वेळ. रात्रभर पोट रिकामं, साखर दिवसातल्या खालच्या पातळीवर, आणि मूत्राशयात त्याच संथ तासांची लघवी साठलेली. सांडव्यावरून पाणी वाहायचं असेल तर धरणात पूर आला असताना बघायला हवं, आणि हा पूर येतो जेवणानंतर.

तेव्हा असं करा. दिवसातलं सगळ्यात भरपेट जेवण निवडा. रोज जेवता तसंच जेवा. तपासणी आहे म्हणून गोड टाळलंत तर तुम्ही स्वतःलाच फसवताय, आणि मुद्दाम जास्त गोड खाण्याचंही कारण नाही. जेवायला बसण्याआधी लघवी करून मूत्राशय रिकामं करा. ती लघवी तपासायची नाही. मग जेवा. जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी होणारी लघवी हा तुमचा नमुना. मधल्या वेळात शक्यतो जाऊ नका, म्हणजे जेवणानंतर साखर चढल्याच्या पूर्ण काळातली लघवी एकत्र मिळते. पाणी तहानेपुरतं प्या. दोन तासांत लिटरभर पाणी रिचवलं की लघवी पातळ होते आणि थोडीशी साखर असली तरी पट्टीला दिसत नाही.

व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चालू असतील तर आदल्या दिवसापासून थांबवा, आणि डॉक्टरांनी दिलेल्या असतील तर आधी त्यांना विचारा. हे व्हिटॅमिन लघवीतून बाहेर पडतं आणि पट्टीवरची रंगाची क्रिया अडवतं, त्यामुळे साखर असूनही पट्टी कोरी राहते.

भांडं स्वच्छ आणि कोरडं हवं. ते ब्लीचने किंवा जंतुनाशकाने धुतलं असेल आणि अंश राहिला असेल तर उलटी चूक होते, साखर नसताना रंग येतो. शक्यतो एकदा वापरून टाकायची डबीच घ्या. नमुना घेतला की तासाभरात तपासा. लघवी ताटकळत राहिली तर त्यातले जीवाणू ग्लुकोज खाऊन टाकतात. फ्रीजमध्ये ठेवावीच लागली तर तपासण्याआधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, कारण थंड लघवीत एन्झाइम मंदावतं.

बुडवणं आणि वाचणं

हा भाग मिनिटभराचा, पण चुका इथेच जास्त. सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर आधी समोर ठेवा. पट्टी काढल्यावर शोधाशोध नको.

नमुना हलक्या हाताने ढवळा. पट्टी चौकोन नसलेल्या टोकाला धरा, चौकोनाला बोट लागू देऊ नका. चौकोन पूर्ण भिजेल इतकी बुडवा आणि लगेच, एखाद्या सेकंदात, बाहेर काढा. जास्त वेळ बुडवून ठेवली तर रसायन लघवीत विरघळून जातं. काढताना पट्टीची कड भांड्याच्या काठावर निथळवा आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली तर एका चौकोनाचं पाणी दुसऱ्यावर ओघळतं. टायमर पट्टी बुडवतानाच सुरू करा.

किती सेकंदांनी वाचायचं हे डबीवर लिहिलेलं असतं. कुठे ३० सेकंद, कुठे ६०. नेमकं त्याच वेळी, पांढऱ्या उजेडात, पट्टी डबीवरच्या रंगपट्ट्याशेजारी नेऊन जुळवा. पिवळ्या दिव्याखाली निळा आणि हिरवा यांत फरक करणं अवघड जातं. रंगांधळेपणा असेल तर दुसऱ्या कोणाला तरी वाचायला सांगा. दोन मिनिटांनंतर दिसणारा रंग धरायचा नाही, तो गडद होतच जातो. एका कंपनीची पट्टी दुसऱ्या कंपनीच्या डबीवर जुळवायचीही नाही. शिबिरात हा घोटाळा मी पाहिला आहे. दोन डब्या उघड्या होत्या, पट्ट्या एकीतल्या आणि रंग दुसरीवरचे, आणि सकाळभराच्या नोंदी पुन्हा कराव्या लागल्या.

रंगपट्ट्यावर सहसा निगेटिव्ह, ट्रेस (अगदी किंचित), मग एक प्लस ते चार प्लस अशा पायऱ्या असतात. पुष्कळ पट्ट्यांवर त्यांच्याखाली १००, २५०, ५००, १०००, २००० असे आकडे दिसतात. हे आकडे लघवीतल्या ग्लुकोजचे आहेत, दर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये. रक्तातल्या साखरेशी त्यांची गाठ मारू नका. "पट्टीवर २५० आलं, म्हणजे माझी शुगर २५०" हे वाक्य फार ऐकू येतं आणि ते साफ चूक आहे. लघवीतला आकडा तुम्ही किती पाणी प्यालात, किती तासांची लघवी साठली होती आणि तुमचा उंबरठा कुठे आहे यावर हलतो. रक्तातली साखर तीच असताना एकाला ट्रेस येईल आणि दुसऱ्याला तीन प्लस.

ट्रेस आलं तर काय धरायचं? माझं उत्तर, चाळणीच्या कामात ट्रेससुद्धा 'आहे' असंच धरावं आणि रक्त तपासावं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पट्टी करून ती कोरी आली म्हणून आदल्या दिवशीचा ट्रेस पुसला जात नाही.

रंग आला तर

घाबरू नका, पण दिवस ढकलू नका. येत्या दोन-चार दिवसांत रक्त तपासा. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गुंगी, श्वासाला फळासारखा वास यांतलं काही सोबत असेल किंवा कीटोनचा चौकोनही रंगला असेल, तर दवाखाना लगेच गाठायचा, मग रात्र असो वा सुट्टी.

रक्ताच्या तपासणीत डॉक्टर पुढच्यापैकी एखादी सांगतील. आठ तास काही न खाता घेतलेल्या रक्तातली साखर १२६ किंवा जास्त. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी २०० किंवा जास्त. गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त. किंवा मधुमेहाची ठळक लक्षणं असताना कुठल्याही वेळी २०० किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का मारत नाहीत. दोन निकाल मधुमेहाच्या बाजूचे लागतात, एकाच नमुन्यातल्या दोन वेगळ्या चाचण्यांचे किंवा वेगळ्या दिवसांचे. घरच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचून घेतलेला आकडा पुढची दिशा दाखवतो, निदान मात्र प्रयोगशाळेत शिरेतून घेतलेल्या रक्तावर होतं.

रक्त सगळं नॉर्मल आलं तर? तेही घडतं. मग लघवीत साखर का, याचा शोध डॉक्टर घेतील. बहुतेक वेळा उत्तर जन्मजात कमी उंबरठा हेच निघतं. त्याला रीनल ग्लायकोसुरिया म्हणतात, घराण्यात चालत येतो आणि सहसा त्रास देत नाही. अशा माणसाने ते कायम सांगत राहावं, म्हणजे दर नव्या ठिकाणी तपासणीत प्लस दिसलं की पुन्हा धावपळ होणार नाही. क्वचित नलिकांचाच आजार असतो, त्यात ग्लुकोजबरोबर इतरही घटक लघवीवाटे जातात.

पट्टी कोरी आली तर

सुरुवातीला म्हटलं ते आता आकड्यांत मांडतो. हे आकडे कुठल्या पाहणीतले नाहीत, कल्पना यावी म्हणून धरलेले आहेत. समजा १००० लोकांची पट्टीने चाळणी केली आणि त्यांतल्या ६० जणांना नकळत मधुमेह आहे. समजा पट्टीने त्यांतले २४ पकडले, आणि मधुमेह नसलेल्या ९४० जणांपैकी १९ जणांनाही प्लस आलं. प्लस आलेले झाले ४३, त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना खरोखर मधुमेह. हे वाईट नाही. पण निगेटिव्ह आलेल्या ९५७ जणांत ३६ मधुमेही बसलेले आहेत, आणि त्यांना आपण "काही नाही" म्हणून घरी पाठवलं.

चाचणीचा स्वभावच असा आहे. मधुमेह नसलेल्याला ती फारशी उगाच पकडत नाही, पण असलेले पुष्कळ सोडून देते. म्हणून कोऱ्या पट्टीचा अर्थ एवढाच घ्यायचा, की या जेवणानंतर साखर उंबरठ्याच्या वर गेल्याचं दिसलं नाही. वजन जास्त आहे, आई-वडील किंवा भावंडांत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, पूर्वी गरोदरपणात साखर वाढली होती, पीसीओएस (स्त्रियांच्या अंडाशयाचा आणि संप्रेरकांचा विकार) आहे, यांतलं काही लागू असेल तर पट्टी कोरी असूनही रक्त तपासून घ्या. यांतलं काहीच नसेल तरी अमेरिकन डायबेटिस असोसिएशन वयाच्या ३५ पासून सगळ्यांनी रक्तातली साखर तपासावी आणि ठीक आली तरी निदान तीन वर्षांनी पुन्हा बघावी असं सांगते.

जुनी पद्धत, बेनेडिक्ट

पट्टी नसेल आणि प्रयोगशाळेत निळं द्रावण दिसलं, तर तो बेनेडिक्टचा अभिकारक. परीक्षानळीत तो ५ मिलिलिटर घ्यायचा, लघवीचे ८ थेंब टाकायचे, दोन मिनिटं उकळायचं आणि गार होऊ द्यायचं. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी अशा क्रमाने साखर वाढती. उकळताना नळीचं तोंड स्वतःकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे धरायचं नाही, उकळतं द्रावण उसळून बाहेर येतं.

या पद्धतीचा दोष असा, की तिला ग्लुकोजच ओळखता येतं असं नाही. अंगावर पाजणाऱ्या आईच्या लघवीतलं लॅक्टोज, फळातली साखर, व्हिटॅमिन सी, सगळ्यांना ती रंग देते. हाच दोष एका ठिकाणी कामाला येतो. तान्ह्या बाळाच्या लघवीत बेनेडिक्ट रंग देतं पण ग्लुकोजची पट्टी कोरी राहते, तेव्हा गॅलॅक्टोज ही वेगळी साखर लघवीत असल्याचा संशय घेतात, आणि ती ज्या आजारात येते तो वेगळाच, तातडीने बघायचा आजार आहे. मधुमेहाच्या चाळणीला मात्र पट्टी उजवी.

नोंद

डॉक्टरांना दाखवायला वाळलेली पट्टी नेऊ नका. तोवर तिचा रंग बदललेला असतो आणि त्यावरून कोणीच काही सांगू शकत नाही. त्याऐवजी ठरलेल्या सेकंदाला पट्टी आणि डबीवरचे रंग एकत्र धरून फोटो काढा आणि कागदावर एवढं लिहून न्या: तारीख, जेवण सुरू केल्याची वेळ, नमुन्याची वेळ, पट्टीचं नाव आणि मुदत, निकाल जसा दिसला तसा, आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची नावं. शिबिरात बसला असाल तर प्रत्येकाच्या नावापुढे आणखी एक रकाना आखून ठेवा, "रक्त तपासलं का?" असा, आणि प्लस आलेल्यांचा तो रकाना रिकामा असेपर्यंत त्यांना फोन करत राहा.